मळ्यापुरता ट्रॅक्टर

"हाही नको," स्तामेन्का म्हणाली आणि डोक्यावरचा काळा रुमाल घट्ट करत पुढच्या ट्रॅक्टरकडे निघाली.

ल्युबिशाने बॉनेटवर हात आपटला. तीन दिवसांतलं हे चौथं आवार. सर्बियातल्या लेस्कोवाट्स गावाच्या आसपास छोटे ट्रॅक्टर विकणारा एकही माणूस त्याने सोडला नव्हता, आणि त्याच्या आईने एकही ट्रॅक्टर पसंत केला नव्हता. आज शनिवार. दोन वाजता फाटक बंद होणार होतं आणि उद्या संध्याकाळी त्याची जर्मनीला, स्टुटगार्टला कामावर परतायची बस होती.

मळा दीड एकराचा. मिरची, टोमॅटो, कांदा, कोबी. वडील गेल्यावर घरचा मोठा ट्रॅक्टर विकला, तेव्हापासून शेजारचा स्तांको नांगरून द्यायचा. या हिवाळ्यात स्तांको मुलीकडे निश शहरात राहायला गेला, आणि गावात उरले ते काठी टेकत चालणारे. आई सदुसष्ट वर्षांची. नांगरायला कुणी मिळालं नसतं तर ती कुदळ घेऊन दीड एकर खणत बसली असती, अशी हट्टी बाई. म्हणून ल्युबिशाने जानेवारीतच फोनवर सांगून टाकलं होतं, "आई, ईस्टरला आलो की आपण छोटा ट्रॅक्टर घेऊन टाकू." पलीकडे ती रडली होती. कुदळ सुटणार म्हणून रडली, असं त्याला वाटलं. त्यालाही दर वर्षीची रजा मळ्यात घालवायचा कंटाळा आला होता.

त्याने हिवाळाभर विचार केला होता. चाकं अरुंद हवीत, म्हणजे मिरचीच्या ओळींमधून जातील. पायरी खाली हवी. क्लच असा हवा की म्हाताऱ्या पायानेही दाबला जाईल. असे ट्रॅक्टर त्याने तिला एक सोडून सहा दाखवले. आणि ही बाई दर वेळी सरळ मागच्या चाकाशी जायची, मडगार्डवर थाप मारायची आणि नाक मुरडायची. एकाचं मडगार्ड प्लास्टिकचं निघालं. दुसऱ्याचं चाक इतकं जवळ, की झगा अडकेल म्हणे.

"मडगार्डने नांगरणार आहेस का?" काल त्याने वैतागून विचारलं होतं.

"तुला नाही कळायचं," ती म्हणाली होती.

तिचं काहीच त्याला कळेनासं झालं होतं. प्लास्टिकच्या कापडाखाली दर वर्षी मिरचीची हजारभर रोपं असायची, यंदा तीन हजारांच्या वर होती. एकटी बाई, भाजलेल्या मिरचीची चटणी, आयवार, एवढी करून बरण्या ठेवणार कुठे? विचारलं तर नुसती हसली. वय झालं, दुसरं काय.

आवाराचा मालक बुदिमिर जाडा आणि सोशिक माणूस होता. त्याने कॉफीचे कप खाली ठेवले आणि नारिंगी रंगाच्या एका ट्रॅक्टरची किल्ली फिरवली. इंजिन लगेच सुरू झालं.

"मावशी, अठरा हॉर्सपॉवर. जुना आहे, पण मालकाने जपून वापरलाय. माझी बायकोसुद्धा सहज चालवेल."

"बायको चालवायला लागली तर गाव हसेल तुला," स्तामेन्का म्हणाली. बुदिमिर हसला. ल्युबिशाला हसू आलं नाही.

"आई, बसून बघ. एकदा फक्त बसून बघ."

तिने पर्स त्याच्या हातात दिली. डावीकडून वर चढली, वळली आणि मडगार्डवर बसली. पत्रा कुरकुरला, पण वाकला नाही. मग ती हाताने आजूबाजूला काहीतरी चाचपू लागली.

बुदिमिरने हसू लपवायला तोंड फिरवलं. ल्युबिशाने ते पाहिलं. हिला स्टिअरिंगची भीती वाटते, आणि ते कबूल करायचं सोडून चारचौघांत आपली फजिती करतेय. तीन दिवस, पेट्रोल, रजा, सगळं पाण्यात.

"सीट तिथे आहे, आई."

"दिसतेय मला. सीट चांगलीच आहे. पण इथे धरायला काही नाही."

"धरायला कशाला हवंय? तुला नक्की हवंय तरी काय, एकदाच सांगून टाक. मी थकलो आता."

"लोखंडी दांडी हवी इथे. तुझे बाबा ओढ्यापाशी काय जोरात वळवायचे. दांडी होती म्हणून पस्तीस वर्षं पडले नाही."

"एवढंच ना, मावशी?" बुदिमिर म्हणाला. "अर्ध्या तासात वेल्ड करून देतो. फुकट."

ल्युबिशाला एकदम हलकं वाटलं. एका दांडीपायी तीन दिवस वणवण. त्याने इंजिन बंद केलं आणि प्रेमाने आईच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बाबांची गोष्ट वेगळी होती गं. आता चालवताना दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवायचे. दांडी धरणार कोण?"

"मी धरणार. स्टिअरिंग तुझ्या हातात असेल ना," स्तामेन्का म्हणाली. "तू कायमचा घरी परत येणार नसतास, तर ट्रॅक्टर कशाला घ्यायला निघाला असतास, बाळा?"