डावीकडची जागा

पार्बताबाई आली तेव्हा अर्धा खेळ होऊन गेला होता. अब्दुल रहीमनं मोबाईल शिलाई मशीनला टेकवून ठेवला होता आणि हलीमाबी त्याच्यासमोर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. दारात शेजारीण दिसताच नवराबायको दोघंही गडबडले. हलीमाबीनं आवाज कमी करायला हात पुढे केला.

"राहू द्या," पार्बताबाई म्हणाली. "मलेबी पाहू द्या पोरीचा खेळ."

मलेशियात ज्युनिअर मुलींची आंतरराष्ट्रीय हॉकी स्पर्धा चालू होती आणि वलगावची उज्मा भारताकडून मधल्या फळीत खेळत होती. निळ्या मैदानावर बोटाच्या पेराएवढ्या पोरी पळत होत्या. तरी पार्बताबाईनं उज्माला लगेच ओळखलं. कमरेत वाकून धावायची तिची ती रीत. शाळेमागच्या मैदानावर तिनं ती सात वर्षं पाहिली होती. उज्माच्या डाव्या हाताला, रेषेला लागून, तेव्हा मैना असायची. पार्बताबाईची मैना.

समोर कोरिया होता. गोल अजून कोणाचाच नव्हता.

उज्मानं चेंडू अडवला, एकीला चकवलं आणि मान वर न करताच डावीकडे सणसणीत फटका दिला. चेंडू मोकळ्या जागेतून घसरत रेषेबाहेर गेला.

"वहाँ तो कोई था ही नहीं!" मोबाईलमधला समालोचक ओरडला.

"दुसऱ्यांदा झालं हे," अब्दुल रहीम पुटपुटला.

"काहून करून राहिली अशी?" हलीमाबी कळवळली. "कोनी हाय का तिकडे?"

चेंडू उगाच गेला नव्हता, हे पार्बताबाईला कळत होतं. मैना नेहमी दोन पावलं उशिरा निघायची आणि चेंडूच्या आधी पोचायची. तो फटका बरोबर तेवढं अंतर सोडून मारलेला होता.

शेवटची पाच मिनिटं उरली होती. उज्माकडे पुन्हा चेंडू आला आणि पुन्हा तो डावीकडे गेला. या वेळी तिथे कोरियाची पोर होती. तिनं तो उचलला, पुढे दिला आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच गोल झाला. साऱ्या पोरी मागे धावल्या होत्या. उज्मा तेवढी जागच्या जागी उभी राहून डावीकडे पाहत होती. तिचे ओठ हलले. मग तिला बाहेर बोलावलं गेलं. बाकावर बसून तिनं टॉवेल डोक्यावर ओढून घेतला.

भारत एका गोलनं हरला.

"आता नाव कापतीन पोरीचं," हलीमाबी बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. कोणासमोर काय बोललो आपण! ती चहा टाकायला उठली. चहा झाला, थंडही झाला. पार्बताबाई मात्र उठली नाही.

तासाभरानं उज्माचा व्हिडिओ कॉल आला. डोळे सुजलेले.

"अम्मी, सर बोले, फिर ऐसा करी तो परसों के मैच में बाहर बिठाएंगे."

"पर तू उधर मारती कायकू? कौन है उधर?"

उज्माची नजर आईच्या खांद्यावरून मागे गेली.

"काकू?"

पार्बताबाईनं हात पुढे केला. हलीमाबीनं मोबाईल तिच्या हाती दिला.

"मैना आवाज देते का तुले?" पार्बताबाईनं विचारलं.

अब्दुल रहीमनं मान खाली घातली.

"हो जी, काकू. 'उज्मे, दे' म्हनते. मी पाहतही नाई तिकडे. हातच जाते."

गेल्या कपाशीच्या हंगामात मैना अमरावतीच्या शिबिराला निघाली होती. पिशवी भरून दारात ठेवली होती. मजूर मिळत नव्हते, अळी तर थांबत नव्हती. 'एवढी फवारणी उरकून दे, मंग जाय,' असं म्हणून आईनंच तिच्या पाठीवर औषधाचा पंप चढवून दिला. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, वारा तोंडावर. संध्याकाळी पोरीला श्वास घेता येईना. अमरावतीहून अकोल्याला हलवलं. तिथे तिसऱ्या दिवशी ती गेली. घशात नळी होती, त्यामुळे त्या तीन दिवसांत ती आईशी एक शब्दही बोलली नव्हती.

"धाप तं नाई लागत ना तिले?" पार्बताबाईनं विचारलं.

"नाई जी, काकू. पयल्यासारखीच हाय. लय जोरात धावते."

पार्बताबाईनं मोबाईल दोन्ही हातांत धरला. पलीकडून कोणीतरी उज्माला जेवायला हाक मारली, पण ती हलली नाही.

"आयक बाई," पार्बताबाई म्हणाली. "परवा आवाज आला तं चेंडू देऊ नोको. तिले म्हन, मैना, तुही माय बलावते. घरी जाय म्हना."

"आन नाई गेली तं?"

"जाते. थे मायचं आयकते," पार्बताबाई म्हणाली. "त्या दिवशीही आयकलं होतं."