अठरावी खाच

"अजून वर, काकू. दोन बोटं फक्त."

भिंतीवर ठोकलेल्या लाकडी पट्टीच्या खाचांवरून शुभाची बोटं चढत अठराव्या खाचेपाशी आली आणि थांबली. पट्टी पंचवीसपर्यंत होती.

"नाही जात गं."

"कळ येते?" तेजलने विचारलं. ती फिजिओथेरपिस्ट होती, शुभाच्या मुलीच्या वयाची.

"येते ना."

सासूबाईंना पलंगावरून खुर्चीत बसवताना शुभाच्या उजव्या खांद्याचं लिगामेंट ताणलं गेलं, त्याला सहा आठवडे झाले होते. पंधरा दिवस हात झोळीत होता. सासूबाईंसाठी नर्सिंग ब्यूरोची बाई ठेवली, दिवसभराची. मग बोरीवलीतल्या या तळमजल्यावरच्या क्लिनिकमध्ये दिवसाआड व्यायाम सुरू झाले. हात भराभर चढत गेला आणि अठरावर अडकला. दहा दिवस तिथेच.

तेजलने फाइलमध्ये अठरा लिहिलं. "बसा, शेक देते," म्हणत ती पिशवी आणायला गेली.

शुभा खाटेवर बसली. केसांचा क्लचर सैल झाला होता. तिने तो काढून दातांत धरला, दोन्ही हात डोक्यामागे नेले, केस पिळून वर घेतले आणि क्लचर घट्ट लावला.

समोरच्या आरशात तेजल दिसली. शेकाची पिशवी घेऊन उभी.

शुभाने हात खाली घेतले. उजवा जरा सावकाश. पण आता त्याचा काही उपयोग नव्हता.

बाहेर बाकावर नंदकुमार, शुभाचा नवरा, पेपर वाचत बसला होता. निवृत्त होऊन त्याला वर्ष झालं होतं. तेजलने मधला पडदा ओढून घेतला.

"काकू," ती हळूच म्हणाली, "किती दिवस हवेत तुम्हाला?"

हे शुभाला कुणी कधी विचारलं नव्हतं. तिच्याकडे आकडा तयार नव्हता.

"सासूबाई वाईट नाहीत गं," ती म्हणाली. "हाक मारायच्या आधीसुद्धा सॉरी म्हणतात. पण चार वर्षं झाली. या महिन्यात मी दोनदा नॅशनल पार्कात जाऊन आले. काही केलं नाही तिथे. बसले नुसती." ती थांबली. रडू येत नव्हतं. राग येत होता, आणि तो कुणाचा ते कळत नव्हतं. "हात बरा झाला की बाई बंद. यांनी आधीच सांगून ठेवलंय."

"मी खोटं नाही लिहू शकत, काकू."

"माहितीये मला."

तेजलने शेकाची पिशवी तिच्या खांद्यावर ठेवली. मग पडदा सारून तिने हाक मारली, "काका, जरा आत या."

नंदकुमार पेपरची घडी घालत आला. "झाला ना बरा? मग सोमवारपासून त्या बाईला नको सांगतो."

"हात वर जातोय," तेजल म्हणाली. शुभाने मान खाली घातली. "पण एकदा ताणलेलं लिगामेंट पहिल्यासारखं व्हायला खूप महिने जातात. पुन्हा एकटीने आजींना उचललं, तर या वेळी फाटेल. मग ऑपरेशन." तिने ते सगळं फाइलमध्ये लिहिलं आणि खाली रेघ मारली. "आजींना उचलायला यापुढे दोन माणसं. दर वेळी."

"दोन?" नंदकुमार हसला. "अहो, आमच्या घरात आहे कोण? आई, आणि ही. दुसरं माणूस आणायचं कुठून?"

तेजल त्याच्याकडे बघत राहिली. शुभानेही मान वर केली आणि त्याच्याकडे पाहिलं.

नंदकुमारने मागे वळून पाहिलं. पडद्यापाशी कुणीच नव्हतं.