वसरीवरचा खळगा

सत्यवती भाटकारांच्या वसरीवर ओणवी झाली आणि तळहातानं जमीन चाचपू लागली. चवथीची भेट, केळ्यांचा घड आणि दोन तवशी, बाजूला तशीच पडली होती.

जयराम खाली स्कूटरला टेकून उभा होता. आईचे गुडघे गेले म्हणून या वर्षी आणावं लागलं, नाहीतर हळर्णच्या या घरी तो सणाला कधी फिरकला नसता. भाटकारांच्या जमिनीवर राहणाऱ्या मुंडकारांची घरं मुंडकारांच्या नावावर होऊन जमाना झाला. तरी ही बाई दर चवथीला येणार आणि वसरीच्या त्याच एका कोपऱ्यात जमिनीला कपाळ लावणार. जित्याची खोड, असं तो तिला तोंडावर म्हणायचा.

घर मात्र देखणं. जांभ्याच्या हातभर जाड भिंती, सहा गोल खांब, मधे राजांगण. दगड वाहिले, चुना मळला तो मुंडकारांनी. वसरीच्या पुढं त्यांना कुणी बोलावलं नाही. आता भाटकारांचा नातू परेश तिथं हॉटेल काढत होता आणि जमिनीची डागडुजी जयरामकडे आली होती. गवंडीकामात त्याचा हात धरणारा पेडण्यात नव्हता.

"जुनी खूण खंयचीच मोडूं नकात, जयरामबाब," परेशनं बजावलं होतं.

पण काम करताना आईच्या त्या जागी जयरामला एक उथळ खळगा दिसला होता. पिढ्यान्‌पिढ्या कपाळं घासून पडला असणार! त्याचं डोकंच फिरलं. नीट न बघताच त्यानं तो तांबड्या गिलाव्यानं भरला, घोटून गुळगुळीत केला. त्या दिवशी त्याला फार बरं वाटलं होतं.

"हंय एक खळगो होतो," आई वर न बघता म्हणाली. "खंय गेलो?"

"मियां बुजवलो. आता कोणाक कपाळ घासूक नको."

तिचा हात थांबला.

"तुज्या आदी माका एक चेडू होता, रे, तुजी व्हडली भयण. दोन वर्सांचा. ही जमीन घातली तेन्ना मी चुनो घोटीत होतंय. ओल्या चुन्यार तिणां पाय दिल्यान. त्याच पावसात तापान गेला. फोटो खंय होतो आमच्याकडे? कपाळ मी तिच्या पायाक लायत होतंय."

जयराम धावत वर आला आणि नखांनी जमीन खरवडू लागला. कुणी सांगितलं नसताना, आपल्याच हातानं बुजवलं होतं! नखं मोडली, गिलावा हलला नाही.

सत्यवतीनं त्याचा हात धरला. पुन्हा एकदा जमिनीवरून तळवा फिरवला.

"रव रे," ती म्हणाली. "काम बरां केलंस तू. हाताक कायच लागना नाय."