लपायला माणूस हवंय

शोधकुत्री बोंजुकनं ढिगाऱ्याकडे पाहिलं, शेपूट पोटाखाली घेतली आणि चक्क बसकण मारली. तिला शिकवणाऱ्या इल्केरनं पुन्हा हुकूम दिला. तिनं तोंड फिरवलं.

"थकली बिचारी," गावचा कारभारी, मुख्तार म्हणाला.

"थकली असती तर झोपली असती. नाउमेद झालीय." इल्केर तिच्याशेजारी उकिडवा बसला. "जिवंत माणूस सापडला की भुंकायचं, भुंकलं की मी चेंडू देतो. लहानपणापासून हाच तिचा खेळ आणि हाच तिचा पगार. भूकंपानंतर इथे तिला एकही जिवंत सापडला नाही. तिला वाटतंय, आपलंच काहीतरी चुकतंय."

"मग चेंडू देऊन टाक की."

"फुकटचा घेत नाही ती." इल्केरनं जमलेल्यांकडे पाहिलं. "कुणीतरी लपायला हवं. आमच्या बचाव पथकातल्या माणसांचे वास तिला पाठ आहेत, त्यांना शोधण्यात तिला मजा वाटत नाही. अनोळखी माणूस सापडू दे, मग खालच्या आळीत कामाला लागेल."

खालची आळी अजून न शोधता तशीच पडली होती. घाट बंद, त्यामुळे दुसरं कुत्रं येण्याची आशा नव्हती.

"माणसं मातीखाली, आणि यांना लपाछपी सुचतेय," मागून कुणीतरी म्हणालं. लपायला कुणी पुढे आलं नाही. या गावात मेंढरांची कुत्रीसुद्धा उंबऱ्याबाहेर. त्यांची लाळ नापाक; लागली तर सात वेळा धुवायचं, त्यातलं एकदा मातीनं.

झरीफे पालथ्या घमेल्यावर बसली होती. सकाळी हीच कुत्री तिच्या घराच्या ढिगाऱ्यावर चढली, हुंगत हुंगत थांबली आणि न भुंकता आडवी झाली. "भुंक गं, मेले, भुंक," झरीफे गळा फाटेस्तोवर ओरडली होती. तिथूनच मग मूसाला काढलं, मेलेला. तिचा एकुलता एक मुलगा.

"सकाळचं तिच्या मनाला लागलंय का रे?" तिनं विचारलं.

"लागलंय, मावशी."

"मला वाटलं, मुद्दाम गप्प बसली." झरीफे गुडघ्यांवर हात टेकून उठली. "मी लपते. कुठे बसू सांग."

"अगं, तुला काय झालंय," मुख्तार म्हणाला. "आजच्या दिवशी?"

"आजच्या दिवशी दुसरं काय काम आहे मला?"

तिच्याच तंदूरघराची एक भिंत शाबूत होती. इल्केरनं वरचे वासे हलवून पाहिले, तिला आत बसवलं, तोंडाशी फळ्या लावल्या. हाक मारायची नाही, बजावलं त्यानं.

आत काळोख. थंड राखेचा वास. मूसा असाच बसला होता का? त्यानं हाक मारली असेल का? मारली असेल तर आपण तेव्हा कुठल्या बाजूला उकरत होतो? फळ्या ढकलून बाहेर पळावं असं वाटलं. तिनं डोक्यावरच्या रुमालाचा बोळा तोंडात कोंबला आणि बसून राहिली.

बाहेर पावलं वाजली. लांब गेली. परत आली. फटीतून फुसफुस श्वास आला, नखं फळीवर खरखरली, आणि मग बोंजुक भुंकली. थांबेचना. सकाळी ज्या एका भुंकण्यासाठी बाईनं अल्लाची करुणा भाकली होती, ते भुंकणं आता तिच्यासाठी होतं.

फळ्या निघाल्या. कुत्री थेट अंगावर आली, हात चाटले, गाल चाटले. झरीफेनं तिला दूर केलं नाही. तिच्या मानेत तोंड खुपसून ती रडली, सकाळी रडायचं राहून गेलं होतं ते.

इल्केरनं चेंडू फेकला. बोंजुकनं तो वरच्या वर झेलला, दोन गिरक्या घेतल्या आणि खालच्या आळीकडे त्याला ओढायला लागली.

मुख्तार घाईघाईनं पाण्याची कळशी घेऊन आला. गावात तेवढीच भरलेली उरली होती. "धुऊन घे, झरीफे. सात वेळा."

झरीफेनं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. कोपरापर्यंत मातीच होती.

"मातीनं धुऊन झालंय," ती म्हणाली. "पाणी राहू दे. खालून निघतील त्यांना लागेल."