दुहेरी गाठ

“मानसी, लेस सुटलीय तुझी,” तुषार धापा टाकत म्हणाला.

समोर शर्यतीची कमान दिसत होती. डुमस रोडवर ऊन चटकायला लागलं होतं आणि हाफ मॅरेथॉनमधलं उरलं होतं ते एखाद्या गल्लीएवढं अंतर. मानसी थांबली, कडेला झाली आणि वाकली.

लेस सुटलेली नव्हती. एकाही बुटाची नव्हती.

सुटणार कशी? पहाटे तुषारनेच बांधली होती. बँकेतल्या सगळ्या सहकाऱ्यांसमोर गुडघा टेकून, दोन्ही बुटांना दुहेरी गाठ मारून. वर व्याख्यानही दिलं होतं, “धावणाऱ्याची गाठ अशी पाहिजे, हत्ती बांधला तरी सुटायची नाही.” त्याचे साहेब, देसाईसाहेब, फोटो काढता काढता गुजरातीत म्हणाले होते, “वाह तुषारभाई! हसबंड होय तो आवो!” नवरा असावा तर असा.

तिने मान वर केली. तुषार पळत होता. मघापासून ज्याच्याने पाऊल उचलवत नव्हतं, तो माणूस अंगातला उरलासुरला जीव गोळा करून कमानीकडे सुटला होता.

अर्धी वाट सरायच्या आतच त्याचे पाय गेले होते. तेव्हापासून मानसी हातचं राखून धावत होती. तो चालला की चालायची, तो थांबला की बुटात खडा गेल्याचं सोंग करायची. स्वतःजवळची मिठाची गोळी तिने त्याला दिली होती. सरावाच्या वेळी ती एकदाच त्याच्या पुढे गेली होती, तर त्याने आठवडाभर अबोला धरला होता. आणि दोघांनी हात धरून कमान ओलांडायची, हे ठरवलं होतं त्यानेच. दिवाळीपासून तो बँकेत सगळ्यांना तेच सांगत होता. आयुष्यातल्या या पहिल्या शर्यतीत तिला तेवढंच हवं होतं. पहिलं येणं तिने कधीच मागितलं नव्हतं.

“चालो बेन, ऊभा थाओ! थोडुंज छे!” संत्र्याच्या फोडी वाटणारी एक बाई ओरडली.

मानसीच्या पायांत अजून दम होता. आत्ता उठली असती तर कमानीच्या आधीच त्याला गाठलं असतं. ते तिला ठाऊक होतं. त्यालाही ठाऊक होतं, म्हणून तर तो पळता पळता मागे वळून बघत होता. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो राग, आणि तोही अगदी थंड. ती तिथेच रस्त्यावर बसली आणि नखांनी गाठ सोडायला लागली. गाठ खरंच चांगली मारली होती.

मग ती उठली आणि सावकाश चालत निघाली.

कमानीपलीकडे तुषार कठडा धरून उभा होता. गळ्यात पदक, भोवती बँकेची मंडळी, शेजारी कौतुकाने फुललेली त्याची आई, उषाबाई.

“बरोबरच येणार होतो हो,” तो सगळ्यांना सांगत होता. “तिची लेस सुटली. आता मी थांबलो असतो तर पाय आखडले असते.”

पाय तरीही आखडलेच होते. पोटरीतला गोळा बाहेरून उडताना दिसत होता.

घरात दोघंच असताना मानसी त्याला अरे-तुरे करायची. चारचौघांत मात्र अहो-जाहो.

“अहो,” ती म्हणाली, “तुम्ही म्हणालात ते अगदी खरं. सुटलीच होती.” आणि तिने पाय पुढे केला.

तुषारने खाली बघितलं. लेस जमिनीवर लोळत होती. एवढ्या गर्दीत त्या लेसचं काय झालं असणार हे त्याला एकट्यालाच कळलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

“बांधता ना?”

“मानसी, गोळा आलाय गं. वाकवत नाही.”

“सकाळी किती छान बांधलीत.”

“अरे हा, तुषारभाई!” देसाईसाहेबांनी फोन काढला. “एक फोटो थई जाय!”

“तूच बांध की गं,” उषाबाई म्हणाल्या. “दमलाय तो.”

“मी बांधलेली सुटते, आई.”

मोडेन पण वाकणार नाही, हा तुषारचा बाणा घरात सगळ्यांना पाठ होता. पण साहेब फोन रोखून उभे होते. त्याने कठड्यावरचा एक हात सोडला, मग दुसरा. गुडघा रस्त्यावर आपटला आणि त्याच्या तोंडून एक आवाज निघाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

कशीबशी गाठ मारून त्याने वर बघितलं. डोळ्यांत पाणी होतं. मानसीला त्याची दया आली. सकाळपासून हीच दया तिच्याबरोबर धावत आली होती. तिने हात द्यावा म्हणून त्याने हात वर केला.

“दुहेरी,” ती म्हणाली.

त्याने दुहेरी मारली.

मग मानसीने दुसरा पाय पुढे केला. त्या बुटाचीही लेस सुटलेली होती.