पहिली सफर

वंशावळ काढायला मी बंदराच्या कचेरीत गेलो. आमच्या घरात चार पिढ्या बोटीवर गेल्या; पोहता एकालाही येत नाही.

कारकुनाने रजिस्टरं काढली. पणजोबा पहिल्याच सफरीत बुडाले. आजोबाही पहिल्याच सफरीत बुडाले.

"अहो, आजोबा त्यानंतर चाळीस वर्षं घरात सगळ्यांच्या डोक्यावर बसले होते!"

"तुमचे वडीलही बुडालेत."

"सकाळीच टॉवेलवरून भांडले माझ्याशी."

चूकसुद्धा वंशपरंपरेने चालत आली असावी. मला कारकुनाचाच संशय येऊ लागला.

तो हसला नाही. "तुम्हीही बोटीवर असता?"

"गेल्या वर्षी पहिली सफर करून आलो."

त्याने गेल्या वर्षीचं रजिस्टर उघडलं, एका ओळीवर बोट ठेवलं आणि नजर वर न करता खुर्ची हळूच मागे सरकवली.