तीन तिगाडा आणि तुरटी

उस्मानपुऱ्यातल्या अपार्टमेंटच्या जिन्याशी आप्पा एकदम थांबले आणि म्हणाले, “आरं, आपण तिघंच हावोत की!”

त्यांच्या बायकोनं, अंबिकाबाईंनी, गल्लीत कुणी ओळखीचं दिसतंय का ते वळून पाहिलं. सोबत पोराचा, म्हणजे सुयशचा, मामा येणार होता, पण त्याची म्हैस नेमकी आजच व्यायली. आता उरले आईबाप आणि नवरदेव. तीन तिगाडा, काम बिगाडा. मुलगी बघायला तिघांनी जायचं नसतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. चौथा माणूस नसेल तर खिशात खडा ठेवायचा, म्हणजे तोच चौथा होतो. त्यांच्या फुलंब्रीत खड्यांना काय तोटा! इथं मात्र गल्लीभर सिमेंट आणि पेव्हर ब्लॉक. आप्पांनी एक ब्लॉक चपलेच्या टोकानं उचकटून पाहिला. तो जागचा हलला नाही; त्याला त्यांच्या पोराच्या लग्नाचं काही पडलेलं नव्हतं.

“आप्पा, हे सगळं थोतांड आहे,” सुयश म्हणाला.

“थोतांड व्हय? मग आधीच्या तीन पोरी नाय म्हनल्या, त्या कशापायी?”

कशापायी, ते अंबिकाबाईंना पक्कं माहीत होतं. सुयश एका क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवायचा, आणि पोह्यांची बशी हातात आली की तिथंही शिकवायचा. पहिलीला त्यानं चहात साखर कशी विरघळते ते समजावलं, दुसरीला लोखंड कसं गंजतं ते. तिसरी मधेच उठून आत गेली ती बाहेर आलीच नाही. म्हणून आज निघताना आईनं त्याला देवापुढं शपथ घ्यायला लावली होती, की रसायनाचा एक शब्द काढणार नाही. सुयशनंही मुकाट्यानं घेतली. आजच्या मुलीचा, मोनिकाचा, फोटो आल्यापासून तो रोज दाढी करायला लागला होता. त्याला ती मनापासून आवडली होती.

शेवटी कोपऱ्यावरच्या न्हाव्याला दया आली. “चाचा, पत्थर कायकू ढूंडते? ये फिटकरी लेव,” म्हणत त्यानं तुरटीचा खडा आप्पांच्या हातावर ठेवला. आप्पांनी तो खिशात टाकला आणि चौघं वर गेले.

वर सगळं सुरळीत चाललं होतं. मोनिका पोहे घेऊन आली. तिचे वडील बिभीषणराव शेतीवाडीची चौकशी करत होते. सुयश मिठाची गुळणी धरून बसला होता. इतक्यात आप्पांनी घाम पुसायला खिशातून रुमाल ओढला आणि तुरटी टणकन पोह्यांच्या बशीत पडली.

“हे काय वो, पाव्हणं?” बिभीषणरावांनी विचारलं.

आप्पांना खोटं बोलता येत नसे. “आमी तिघंच आलो ना. हा चौथा.”

मोनिकाच्या आईनं तोंडाला पदर लावला. बिभीषणरावांच्या मिश्या थरथरायला लागल्या. लोक बापाला हसतायत हे बघून सुयशला राहवेना, आणि शपथ गेली चुलीत.

“आप्पांचं काही चुकलं नाही,” तो म्हणाला. “तुरटीतही असंच असतं. ॲल्युमिनियमकडं द्यायला तीन इलेक्ट्रॉन. समोर दोन सल्फेट, प्रत्येकाला दोन हवेत. म्हणजे झाले चार. एक कमी पडतो आणि सगळं अडून बसतं. मग पोटॅशियम येतं. त्याच्याकडं एकच असतो, तो ते देऊन टाकतं. तीन नि एक चार. देणारे आणि घेणारे बरोबर झाले की मगच खडा बनतो.”

अंबिकाबाईंनी डोळे मिटून घेतले. गेलं हेही स्थळ.

मोनिका तुरटीकडं बघत होती. “आणि पोटॅशियमला काय मिळतं?” तिनं विचारलं.

आजवर एकाही मुलीनं त्याला उलटा प्रश्न विचारला नव्हता. वर्गातली पोरंसुद्धा ‘सर, हे परीक्षेला येणार का,’ एवढंच विचारायची. सुयश गडबडला.

“त्याला... त्याला तो एक जड झालेला असतो. नुसतं असलं की लई तापट, पाण्यात पडलं तरी पेट घेतं. इथं आलं की निवांत होतं.”

मोनिकानं बशीतला खडा उचलला, पदरानं पुसला आणि आप्पांच्या हातात दिला.

“लग्नाचा बस्ता बांधायला जाल तेव्हा हा घरीच ठेवा, आप्पा,” ती म्हणाली. “चौथी मी येते.”